स्वच्छ बागेची भीती

जवानांचे सत्कार करणाऱ्या लोकांचा मला राग आहे, आणि तो आता या वयात जाईल असं वाटत नाही. लंकेतून फौज परत आली त्या वर्षी माझा नवराही आला. भडगावच्या एस.टी. स्टँडवरून त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं करून गावात आणलं. बँड, गुलाल, शाल, नारळ सगळं झालं. पारासमोर तो खाली उतरतोय तोच कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवली, आणि तो शालीसकट ट्रॉलीखाली जाऊन पालथा पडला. लोक आधी हसले. त्यांना वाटलं, फौजी लढाईची नक्कल करून दाखवतोय. तो बाहेर येईना तेव्हा हसणं थांबलं आणि बोलणं सुरू झालं.

"लंका जाळी उना, मंग शेपूट कथी शे?" लंका जाळून आला, मग शेपूट कुठे आहे, हा त्या वर्षीचा गावातला विनोद. चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत, माझ्या शाळेच्या फाटकाशीसुद्धा. ज्यांनी शाल घातली तेच हे विचारत होते.

नवऱ्याला मी समोर 'अहो' म्हणते. लिहिताना 'तो'च म्हणणार आहे. मी धुळ्यात शिकले. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचा, आईला सही येत नव्हती, आणि आमच्या दोन्हीकडच्या नात्यात, पुरुष धरून, बी.ए. झालेली मी पहिली. ही गोष्ट मी आजही न लाजता सांगते, कारण लाजायला सांगणारे पुष्कळ भेटले. सासरी आले तेव्हा सासू शेजारणीला म्हणाली होती, "पोर शिकेल शे, पन भाकर गोल करस." तिच्याकडून तेवढं कौतुक पुरेसं होतं. भडगावच्या शाळेत भूगोल शिकवायची नोकरीही मी मिळवली. नवरा फौजेत, मी शाळेत, आणि शेती जेठांकडे, म्हणजे थोरल्या दिरांकडे. त्यांना घरात आणि गावात सगळे आबा म्हणतात.

गिरणेकाठी आमची केळीची बाग होती. आबांची बाग म्हणावं हे बरं, कारण तिला त्यांनीच पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. केळीच्या बुडाशी नवे कोंब फुटत राहतात, त्यांना पिलं म्हणतात. ती वेळच्या वेळी कापली नाहीत तर मूळ झाडाचं जेवण तीच खातात. आळशी माणसाच्या बागेत पिलं माजतात, वाळकी पानं लोंबतात, आत शिरलं की दोन हातांपलीकडचं दिसत नाही. आबांच्या बागेत पिलाला डोकं वर काढायची सोय नव्हती. बांधावर उभं राहिलं की ओळ सरळ पार टोकापर्यंत दिसायची. लोक बाग बघायला यायचे, आणि आबा ती दाखवायला तयारच असायचे.

त्या सत्कारानंतर नवऱ्याला फौजेने काही महिने पुण्याकडच्या इस्पितळात ठेवलं, गोळ्या दिल्या, मग कायमचं घरी पाठवलं. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात आबा त्याला कौतुकाने बागेत घेऊन गेले. तो बांधावर थांबला. आबा आत गेले, हाक मारली, आणि मागे वळून बघितलं तर हा मटकन खाली बसलेला, दात वाजताहेत, अंगाला घाम, डोळे ओळीच्या टोकाकडे लागलेले. आबांनी त्याला पाठुंगळी मारून घरी आणला. सासूने मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या, लिंबू कापून वेशीबाहेर फेकलं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन तास दोन तास बसली. त्याला बरं वाटलं. इथेच सगळं बिघडलं. पण ते कळायला मला वर्ष लागलं.

कारण हा नेम होऊन बसला. तो बागेच्या वाटेला लागला की थरथरायचा, थरथरला की कुणीतरी धावायचं, घरी आणायचं, उतारा टाकायचा. मग बागेची वाट बंद झाली. मग बागेकडची खिडकी बंद झाली. मग घडांनी भरलेला ट्रक रस्त्यावरून गेला तरी तो माजघरात जाऊन बसायला लागला. झोप नाही. जेवताना कुणी मागून आलं तर ताट उधळायचं. एकदा मी मागून चहा द्यायला गेले तर त्याने माझं मनगट असं पिरगाळलं की पंधरा दिवस मला फळ्यावर डाव्या हाताने लिहावं लागलं. शाळेतल्या बायकांना मी गाय बांधताना दोर आवळला म्हणून सांगितलं. आमच्याकडे गाय नव्हती, हे त्यांना माहीत होतं.

आबांना एक गोष्ट जास्त लागली. आमच्या बागेला लागून एका म्हाताऱ्याची पडीक झालेली बाग होती, पिलांनी गच्च भरलेली. एक दिवस नवरा तिथे, त्या रानात, शांत बसलेला सापडला. विडी ओढत.

"माझ्या बागेत याला वाघ दिसतो," आबा सासूसमोर म्हणाले, "आणि त्या उकिरड्यात गारवा लागतो. हे दुखणं नाही, माय. हा जळफळाट आहे. मी राबलो ते याला बघवत नाही."

मी म्हणाले, "आबा, जळणारा माणूस दात वाजवत नाही."

"तू शाळेत शिकव," आबा म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी घरात ठरलं. मला विचारून ठरलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याला देवाचं एक ठाणं होतं, तिथे अशा माणसांना नेऊन ठेवायचे. ठेवायचे म्हणजे पायात साखळी घालून ओट्याच्या खांबाला बांधायचे, आणि बरं होईपर्यंत घरच्यांनी भाकरी पोचवायची. गावातला एक माणूस तिथून बरा होऊन आला असं सांगत. मी त्याला पाहिलं होतं. तो बोलत नव्हता, एवढंच बरं झालं होतं.

मी सासूला सरळ सांगितलं, साखळी घातली तर मी पोलिसात जाईन. सासू म्हणाली, "जाय. पोलीस काय त्याले बागमा लई जातीन?" आबांनी शेवटचं बोलणं केलं: दिवाळीला काढणी सुरू होते. तोवर हा आपल्या पायाने बागेत आला, तर माझं काही म्हणणं नाही. नाही आला तर गाडी जुंपायची.

म्हणून मी त्याला जळगावला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. आनंदाने नेलं नाही, आणि तो आनंदाने आला नाही. बसमध्ये तो दाराजवळच्या सीटवर बसायचा, मी मागे.

तो डॉक्टर मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मुंबईला शिकलेला, माझ्याच वयाचा, बोलताना समोरच्या माणसाऐवजी पेनाच्या टोपणाकडे बघणारा. मी लक्षणं सांगायला लागले तर म्हणाला, "बाई, त्यांना तोंड आहे." मी म्हणाले, मी बी.ए. आहे. तो म्हणाला, "छान. बाहेर बाक आहे." दोन खेपांनंतर त्यानेच मला आत बोलावलं, कारण घरी काय करायचं ते नवरा ऐकून येत होता आणि सांगत नव्हता.

उपचार म्हणजे काय, तर सांगायचं. जे घडलं ते डोळे मिटून, आत्ता घडतंय असं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मला तो शुद्ध छळ वाटला आणि मी तसं म्हणालेही. डॉक्टर म्हणाला, "गळू आहे. फोडलं नाही तर काय करता तुम्ही, गावाकडे?" मी म्हणाले, "गावाकडे आधी पोटीस लावतात." तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही.

नवरा सांगायचा तो फौजी हिंदीत. साहेबाला रिपोर्ट द्यावा तसा, पाठ ताठ, हात मांडीवर. हमारा सेक्शन गश्त पर था. आगे केले का बगीचा था. हम अंदर गये. फायर आया. तीन लोग गिर गये. शेवटी 'जय हिंद साहब' म्हणायचंच तेवढं राहायचं. दर आठवड्याला तेच, शब्दाला शब्द. थरकाप नाही, घाम नाही. घरी मात्र तसंच. मी डॉक्टरला म्हणाले, याचा उपयोग नाही. तो म्हणाला, "ते बगीच्याबाहेर उभे आहेत आणि एकदम आत आहेत. आत गेले कसे, ते नाही सांगत."

पुढच्या खेपेला त्याने तेच धरलं. "अंदर जाने से पहले?"

"कुछ नहीं, साहब."

"बाहेर उभे आहात. काय दिसतंय?"

"बगीचा."

"कसा आहे बगीचा?"

मग हिंदी गेली. मराठीही गेली. आईशी बोलतो ती घरातली अहिराणी तोंडात आली. "साफ शे," तो म्हणाला. "ताजं पील काढेल शे. आरपार दिसस."

डॉक्टरला निम्मं कळलं असेल. मला सगळं कळलं, आणि मी खुर्चीची कड धरली.

फौजेत त्याला केळीवाला म्हणायचे. त्या दिवशी बागेपाशी आल्यावर हवालदाराने यालाच पुढे बोलावलं: तू केळीतला माणूस आहेस, बघून सांग, आत जायला कसं आहे? याने बघितलं. पिलं कालपरवाच कापलेली, वाळकी पानं काढलेली, ओळी मोकळ्या. खानदेशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला जे वाटलं असतं तेच याला वाटलं, की मालक मेहनती आहे, आत माणसांचा रोजचा वावर आहे, म्हणजे धोका नाही. तो म्हणाला, चला, बाग राबती आहे. पण ती पिलं झाडांसाठी कापलेली नव्हती. पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसांना बंदुकीसमोर मोकळी ओळ हवी होती.

हवालदार पहिला पडला. पडल्यावर तो याच्याकडेच बघत होता, असं नवऱ्याने सांगितलं. काही म्हणाला का, डॉक्टरने विचारलं. नाही. नुसतं बघत होता.

त्या दिवशी तो खोलीत ओकला, रडला, शिव्या दिल्या. डॉक्टरने त्याला पाणी पाजलं आणि म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून. मी उठून उभी राहिले. "बस करा आता," मी म्हणाले. डॉक्टर मला म्हणाला, "तुम्ही सगळे मिळून त्यांना दर वेळी वाचवता. वाचवलं की त्यांच्या मनाला पटतं, आपण खरंच मरणार होतो. आज वाचवू नका."

मी बसले. नवऱ्याने पुन्हा सांगितलं. पुढच्या आठवड्यांत पुन्हा, पुन्हा. हळूहळू त्याचं रडणं लहान होत गेलं. एकदा सांगता सांगता तो मध्येच थांबून म्हणाला, "पन माले काय ठाऊक? आमनाकडे तं पील त्याच्याचसाठे काढतस." आपल्याकडे तर पिलं झाडासाठीच काढतात, मला काय माहीत. हे त्याने डॉक्टरला नाही, स्वतःलाच सांगितलं. त्यानंतर त्याला सलग झोप लागायला लागली. गोळ्यांचाही वाटा असेल, मी नाही म्हणत नाही.

पण बाग राहिलीच होती, आणि दिवाळी तोंडावर आली होती. डॉक्टर गावी येणार नव्हता. ते काम त्याने माझ्यावर टाकलं. आधी बांधावर बसायचं. तिथे जमलं की पहिल्या ओळीच्या तोंडाशी. मग आत, मग आणखी आत. आणि एकच अट: भीती चढलेली असताना उठायचं नाही. ती आपोआप उतरते, उतरेपर्यंत बसायचं. मध्येच उठवलं तर केलेलं सगळं पाण्यात.

शाळा सुटली की मी त्याला घेऊन बांधावर जायचे. तो बसायचा, थरथरायचा, मला शिव्या द्यायचा. मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासायचे. शिव्या त्याला फौजेत शिकवलेल्या होत्या, साध्या नव्हत्या. पाणी देणारा गडी कान देऊन ऐकायचा आणि गावभर सांगायचा. "शिकेल बाईनी नवराले केळीमा बांधी ठेवं," असं बायका नळावर म्हणायच्या. मी बादली भरून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमच्या नवऱ्यालाही पाठवा, जागा आहे."

एका रविवारी दुपारी मधल्या ओळीत जायचं ठरलं तेव्हा गड्याने आधीच घरी कळवलं होतं. नवरा आत गेला, ओळीच्या मध्यावर पोचला आणि खाली बसला. मी बांधावर उभी. इथून तो आरपार दिसत होता, पलीकडे नदीच्या बाजूचा उजेड दिसत होता. त्याने दोन्ही हातांनी एक खोड धरलं होतं आणि कपाळ त्याच्यावर आपटत होता. मी गेले नाही.

आबा आले, मागे सासू, पदरात मीठ घेऊन.

"मना पोऱ्याले भ्याव वाटी राह्यनं. काढ वं त्याले बाहेर," सासू म्हणाली.

"नाही."

"मानूस शे का कोन शे तू?"

"आबा," मी म्हणाले, "आज कुणी आत गेलं तर मी उद्या स्वतः गाडी जुंपून देते. साखळी माझ्या हाताने घालते. पण आत जाऊ नका."

आबा मला बाजूला सारून निघाले. मी आडवी झाले. त्यांनी जेठ असून माझ्या दंडाला हात लावला. आमच्याकडे जेठ भावजयीच्या सावलीलाही शिवत नाही, त्यामुळे हात लावल्यावर तेच दचकून थांबले. सासू मोठ्याने रडायला लागली. तेवढ्यात आतून आवाज आला. "रडू नको, माय." मग: "आबा, पुढे येऊ नको. माले आठेच बठू दे."

"काय शे रे तठे?" आबा ओरडले. "काय शे मना बागमा?"

आणि तो तिथूनच, ओळीतून, सांगायला लागला. डॉक्टरच्या खोलीत सांगायचा तसंच, पण मोठ्याने, कारण आम्ही लांब होतो. तुनी बाग साफ शे, आबा. तठे बी अशीच साफ व्हती. मीच सांगं, चला, मालक मेहनती शे. तिघा जणांची नावं घेतली, गावं सांगितली. हवालदाराला किती लेकरं होती ते सांगितलं. गडी पाण्याचा पाट सोडून ऐकत राहिला आणि पाणी वाफ्याबाहेर गेलं, तरी आबा त्याला काही बोलले नाहीत.

संपल्यावर आबांनी बागेकडे बघितलं. आपल्याच बागेकडे, टोकापर्यंत. मग चिडून म्हणाले, "मंग काय, पील वाढू देऊ का मी?"

"नही," नवरा आतून म्हणाला. "पील काढनंच पडस."

आबा तिथेच बांधावर बसले. सासूने मीठ पदरात तसंच गाठ मारून ठेवलं. ऊन खाली आलं तेव्हा नवरा उठला, पायाला मुंग्या आल्यासारखा दोन पावलं लंगडला, आणि आमच्याजवळून, कुणाकडे न बघता, घरी चालत गेला. गाडी जुंपायचं नाव आबांनी पुन्हा काढलं नाही.

शाळेतल्या बायका विचारतात, मग बरे झाले का? काय सांगायचं. तो बागेत जातो. काढणीला मजुरांच्या बरोबरीने घड वाहतो. पिलं मात्र स्वतः कापत नाही, गड्याकडून कापून घेतो आणि कापताना तोंड फिरवतो. दिवाळीत तो चार दिवस रावेरला बहिणीच्या शेतात राहायला जातो, तिथे वस्ती नाही, फटाके नाहीत. सत्काराला कुणी बोलावलं तर मीच दारातून परत पाठवते, आणि गोड बोलून पाठवत नाही.

आणि माझ्याशी तो फारसा बोलत नाही. आईशी बोलतो, आबांशी बोलतो, डॉक्टरकडे केळी पाठवतो. शेवटच्या खेपेला डॉक्टरने त्याला विचारलं, घरी कसं आहे? तो म्हणाला, "बठ्ठं बरं शे, साहेब. हाई बाईकडे देखं का ती दुपार आठवस, बस." सगळं बरं आहे, माझ्याकडे बघितलं की मी बांधावर उभी होते ती दुपार आठवते, एवढंच. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. बहुधा मला बाकावर पाठवावं की काय असा विचार करत असेल. मी म्हणाले, पुढचं विचारा.